रिंगणाबाहेरची खुर्ची

काहीही विचारा, जावयाचं उत्तर ठरलेलं: "अभ्यास चालू आहे."

बायकोचे डोळे असे खोल का गेले? अभ्यास. अंगावरचे कपडे हँगरला अडकवल्यासारखे का लोंबतात? अभ्यास. भर दुपारी पडदे ओढून घराची गुहा का करून ठेवली? अभ्यास. जगात पोरं परीक्षा देतात, वकील होतात, डॉक्टर होतात, त्यांनीही कधीतरी अभ्यास केलेलाच असतो. पण अभ्यास नवऱ्याने करायचा आणि वाळायचं बायकोने, ही कुठली शाळा?

बाई हे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून बोलत होत्या. ऐकणारे एकटे शाईमामा, कपड्यांवर खुणा करणारे, आणि शाईमामांना एका कानाने कमी ऐकू यायचं. बाई नेहमी त्याच कानाशी तक्रार करत. सल्ला नको असला की तो कान बरा पडतो.

लाँड्री बाईंची. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, विकून टाका, बाईमाणसाला ही वाफ सोसायची नाही. त्या लोकांचे शर्ट आजही इथंच येतात, आणि त्यांना कॉलर कडक लागते. मागे फिरते ड्रम, मधे वाफेचे प्रेस, पुढे काउंटर आणि काउंटरला लागून मोठी खिडकी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे कोट, वकिलांचे काळे झगे, नाटकवाल्यांचे मखमली अंगरखे. गावात कोण काय लपवतं ते सगळं शेवटी बाईंच्या टेबलावर पसरून पडायचं. बाईंना लिहिता यायचं ते सहीपुरतं, आणि वाचता यायचं ते कपड्याच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं तेवढं. पण त्यांच्यासमोर उभं राहून खोटं बोलायची कोणाची बिशाद नव्हती. कामगार पाठीमागे त्यांना 'इस्त्री' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

लेक ह्याच खिडकीत वाढली. कपडा उजेडाला धरायची आणि डाग कशाचा ते सांगायची. गिऱ्हाईक सरबत सांडलं म्हणून शपथ घेत असायचं आणि ही हळूच म्हणायची, "वाइन आहे, गरम पाण्यात घालू नका." डोळे असे की बाकीच्यांना जिथे पांढरं दिसतं तिथे हिला गेल्या आठवड्याचं जेवण दिसावं. शाईमामांनी तिचं नाव ठेवलं भिंग, आणि तेच चालू झालं.

जावई कॉलेजात शिकवायचा. स्थळ आलं तेव्हा बाईंनी लाँड्रीभर सांगितलं होतं, आमच्या घरात आता पुस्तकांचं कपाट येणार. विषय कोणी विचारला तर मात्र त्या जरा अडखळत. पश्चिमेकडची कसलीशी विद्या, असं म्हणून पुढच्या शर्टाला हात घालत. ती विद्या म्हणजे काय ते जावयानेच एकदा जेवताना समजावलं होतं. त्या देशांमध्ये फार पूर्वी शिकलेली माणसं, अगदी धर्मगुरूसुद्धा, बंद खोलीत विधी करून दुष्ट शक्तींना बोलावत. पांढरा झगा, तलवार, धूप, लांबलचक नावं, आणि आधी पुष्कळ दिवसांचं पथ्य. ती शक्ती आली की तिच्याकडे मागायचं: पुरलेलं धन, दुसऱ्याची बायको, मानाची जागा, वैऱ्याचं वाटोळं.

"उजेडाची बाजू सगळेच वाचतात," जावई म्हणाला होता. "मी काळोखाची घेतली."

"आणि बोलावलेलं आलंच नाही तर?"

"तर त्याचं चिन्ह कागदावर काढायचं, घाण वासाच्या वस्तूंबरोबर डबीत घालायचं आणि डबी विस्तवावर धरायची. त्याला तिकडे चटके बसतात. मग निमूट येतं."

"म्हणजे बोलावून आणून मारायचं," बाई म्हणाल्या. "असला पाहुणचार वैऱ्याच्या घरीही नको."

जावई हसला होता, बाईही हसल्या होत्या. वाचणारा माणूस काहीबाही वाचणारच. चोरांवर पुस्तक लिहिणारा काही रात्री भिंत फोडायला जात नाही.

मग कॉलेजात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि ती मिळाली जावयाहून वयाने लहान माणसाला. तिथून सगळं फिरलं. पूर्वी जावई वाचायचा आणि बोलायचा. आता वाचायचा आणि गप्प बसायचा. घरातली मागची खोली रिकामी केली. तिला कुलूप लावलं. लेकीने लाँड्रीत यायचं कमी केलं, आणि आली की भिंतीकडे पाठ करून उभी राहायला लागली, जणू मागून कोणी येईल.

एके दिवशी ती चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. सोडलं तर आत पायघोळ पांढरा झगा, छातीवर लाल रेशमाने काढलेली परकी अक्षरं, खालच्या कडेला कोळशाची काजळी आणि मेणाचे ओघळ. टाके लेकीच्या हातचे होते. बाईंनी ते लांबूनच ओळखले.

"नाटकात काम करतात का आता?"

"आई, विचारू नको. उद्या सकाळी हवाय."

त्या लाँड्रीत एक नियम होता. खूण केल्याशिवाय कपडा पाण्यात जात नाही. कॉलरच्या मागे आतल्या बाजूला शाईमामा न निघणाऱ्या शाईने खूण करायचे: दोन रेघा, एक टिंब आणि त्या घराचं चिन्ह. मंत्र्याचा कोट असो की भिकाऱ्याची चादर, शाईमामांच्या हातून कोणी सुटलं नाही. बाईंचे मालक गेले तेव्हा त्यांच्या अंगावर घातलेल्या शर्टाच्या कॉलरमागेही ती खूण होती. "असू द्या," शाईमामा तेव्हा म्हणाले होते, "चुकून दुसरीकडे गेले तर परत तरी पाठवतील." आणि बाई रडता रडता हसल्या होत्या.

तर झग्यावरही खूण झाली. शाईमामांनी छातीवरची अक्षरं पाहिली, ह्यांची आधीच पुष्कळ लिखापढी झालेली दिसते म्हणाले, आणि सवयीने झगा उलटा करून दोन रेघा, टिंब, चिन्ह उमटवलं. झगा धुतला, काजळी गेली, मेण गेलं, कडक इस्त्री होऊन पाठवला गेला.

पुढच्या आठवड्यात जावई स्वतः लाँड्रीत आला. आजवर लग्नानंतर त्याने त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं; वाफेने चष्मा धूसर होतो म्हणे. आला तो सरळ खिडकीपाशी, जिथे लेक कोट तपासत होती. झगा तिच्यापुढे आपटला.

"हे काय आहे? कॉलरमागे हे काय आहे?"

लेकीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "लाँड्रीची खूण. माझ्या लक्षात नाही आलं."

"लक्षात नाही आलं! इतके दिवस मेहनत केली, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि पाठीवर धोब्याचा शिक्का घेऊन मी उभा होतो! येणार कसं काही? तुझ्यामुळे सगळं पाण्यात गेलं."

"पाण्यात तर घालावाच लागतो, सर," शाईमामा म्हणाले. "कोरडा धुता येत नाही तो कपडा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई प्रेसवरून हात न काढता म्हणाल्या, "जावईबापू, घरातलं भांडण घरात. इथं गिऱ्हाइकं आहेत. काय बिघडलं ते मला सांगा."

"आई, ह्या वस्त्राला करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको असतो. दुसऱ्याचं चिन्ह तर मुळीच चालत नाही."

"मग शिवला कोणी?"

जावयाने चष्मा पुसायला काढला.

"ही अक्षरं कोणी काढली? मेण कोणी खरवडलं? तुमच्या पुस्तकात लिहिलंय करणाऱ्याने स्वतः करायचं, तर मग सुई टोचून घेतलेली बोटं हिची का?"

"मला कॉलेज असतं. वेळ कुठे असतो?"

"अस्सं. म्हणजे सैतान तुम्ही बोलावणार आणि धुणं आम्ही धुणार."

आता सगळेच हसले. जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हसणाऱ्यांकडे त्याने पाहिलंच नाही. तो लेकीवरच वळला. "आजची संध्याकाळ ही शेवटची योग्य वेळ आहे. पुन्हा वर्षभर येणार नाही. ही शाई काढ, कशीही काढ, आणि लवकर घरी ये. काही खाऊ नकोस." एवढं बोलून तो चष्मा पुसत निघून गेला. बायको जेवली आहे का, हे विचारायच्या जागी काही खाऊ नकोस म्हणणारा नवरा बाईंनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी प्रेसचं झाकण असं आपटलं की पलीकडच्या कामगारणीने दचकून हात मागे घेतला.

 लेकीने पुढचा कोट उचलला, दवाखान्यातल्या नर्सचा, आणि उजेडाला धरला. धरला तो धरलाच. शाईमामांनी वाट पाहिली, मग विचारलं, "काय गं भिंग, औषध की गंज?"

ती हलली नाही. ओठ तेवढे हलले. "मामा, ह्यातून कोणीतरी बघतंय."

ड्रम फिरत होते, वाफ फुसफुसत होती, पण माणसं थांबली. गंज होता. लोखंडी खाटेला घासून कोणाच्याही कोटाला लागतो तसला, बटणाएवढा, तांबूस गंज. तो लाँड्रीतल्या झाडूवाल्यालाही ओळखता आला असता.

बाईंनी तिला दंडाला धरून मागच्या साबणाच्या खोलीत नेलं, उलट्या बादलीवर बसवलं आणि हातात चहाचा कप दिला. तिने तो खाली ठेवला.

"पी."

"नको. मीठ, साखर, सगळं बंद आहे."

"कधीपासून?"

"आई, तुला नाही कळायचं."

"बरोबर आहे, मी अडाणी. मला एवढंच सांग, तिथे तुझं काम काय असतं?"

लेकीने आधी नवऱ्याची बाजू घेतली. बाईंनी ती घेऊ दिली. तो हुशार आहे. कॉलेजने त्याच्यावर अन्याय केला. ह्या विद्येत दोघं लागतात, एक आज्ञा देणारा आणि एक पाहणारा. मागून काळी केलेली काच असते, तिच्यात पाहत बसायचं आणि दिसेल ते सांगायचं. त्याला स्वतःला दिसत नाही. "तो म्हणाला, तुझ्या डोळ्यांत जे आहे ते हजारात एखाद्याकडे असतं. देणगी आहे म्हणाला. आई, आजवर कोणी म्हटलं होतं का मला असं?"

हे बाईंना लागलं. रोज गावचे सगळ्यात भारी कपडे त्या दुसऱ्या कोणाच्या हाती न देता हिच्याच हातात देत आल्या, ते काय हौस म्हणून? पण ते आता काढण्यात अर्थ नव्हता. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं, आणि ज्याने ते बोलून पोरीला गळाला लावलं त्याच्यावरचा राग दुप्पट झाला.

"आणि दिसतं का?"

"आधी नव्हतं दिसत. मग त्याला राग यायचा. मग दिसायला लागलं." तिने हात मांड्यांखाली दाबून धरले. "आता काच नसली तरी दिसतं. डोळे मिटले तरी. मला झोपायची भीती वाटते."

"मग नाही म्हण."

"आज शेवटचं म्हणालाय. एकदा झालं की संपलं."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ 'शेवटचं' ऐकलं होतं. जो माणूस 'शेवटचं' म्हणतो त्याला आणखी एकदा हवं असतं, इतकंच. आणि हिच्याकडे बघता आणखी एकदा हिला सोसलंच नसतं. गंजात डोळे दिसणारी पोर, उद्या सकाळी तिला आईच्या चेहऱ्यात काय दिसेल ते सांगता यायचं नाही. बाईंनी अॅप्रन सोडला, झगा दंडावर टाकला.

"शाई निघाली?" लेकीने विचारलं.

"शाईमामांची शाई निघत नसते. चल. मला तुझ्या नवऱ्याचा अभ्यास पाहायचाय."

लेकीचं घर लाँड्रीपासून दोन गल्ल्यांवर. जिना चढताना लेक कठड्याला धरून मधेच थांबली. पूर्वी हाच जिना ती गच्चीवर वाळत घालायला ओल्या चादरींचं गाठोडं घेऊन पळत चढायची. बाईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. बाई बोलत नसल्या की समजावं, आत भट्टी पेटली आहे.

जावयाने दार उघडलं. आधी झग्याकडे पाहिलं, मग सासूकडे, बायकोकडे सर्वांत शेवटी. "निघाली का?"

"ते बघू," बाई म्हणाल्या. "आधी तुमची ती खोली दाखवा. इतके दिवस ऐकते आहे अभ्यास, अभ्यास. गावाने विचारलं तर मी काय सांगायचं? जावई काय शिकलेत ते सासूला ठाऊक नको?"

तो जरा घुटमळला. पण शिकवणाऱ्या माणसाला 'समजावून सांगा' म्हटलं की त्याचं कुलूप आपोआप निघतं. त्यातून कॉलेजात हल्ली त्याचं कोणी ऐकत नव्हतं. त्याने किल्ली काढली.

आत धुपाचा कोंदट वास. खिडकीवर जाड काळं कापड. सामान सगळं काढलेलं, आणि जमिनीवर पांढऱ्या रंगाने काढलेलं मोठं रिंगण, त्याच्या आत दुसरं, आणि दोन रेघांच्या मधे गोल फिरत गेलेली अक्षरं. आत एक तलवार, एक छडी, मेणबत्त्या, उंच घडवंचीवर उघडं पुस्तक. रिंगणाबाहेर, समोरच्या भिंतीकडे, एक त्रिकोण. त्रिकोणात खुर्ची, खुर्चीपुढे छोटं टेबल, टेबलावर उभी केलेली काळी काच. खुर्ची स्वयंपाकघरातली होती. बाईंनीच लग्नात दिलेल्या सहांपैकी एक.

"हं. आता सांगा. हे रिंगण कशाला?"

"हे संरक्षण," जावई म्हणाला, आणि बोलता बोलता सवयीने आत जाऊन उभा राहिला. त्याचा आवाजच बदलला, वर्गातला झाला. "ह्या अक्षरांत परमेश्वराची नावं आहेत. रेघेच्या आत जो उभा असतो त्याला कुठलीही अशुभ शक्ती स्पर्श करू शकत नाही."

"भक्कम आहे ना?"

"शेकडो वर्षांची परंपरा आहे, आई. जुन्या ग्रंथांत उदाहरणं आहेत. एकाने उतावीळपणे पाय रेघेबाहेर टाकला, आणि सकाळी तो सापडला."

"सापडला म्हणजे?"

"म्हणजे, मेलेला."

"अगं बाई." बाईंनी रेघेकडे पाहिलं. "नुसता पाय बाहेर पडला तर?"

"नुसता पाय."

"आणि तो तिकडचा त्रिकोण?"

"तो त्याच्यासाठी. जो येतो त्याला तिथेच यावं लागतं. मी नावानिशी हुकूम सोडतो. आला नाही तर शाप देतो, धमकावतो. चिडतात ते. फार चिडतात. पण त्रिकोणाबाहेर पडता येत नाही त्यांना."

"चिडलेलं ते, तिथे येतं. जिथे खुर्ची आहे तिथे."

"काचेत येतं. पाहणाऱ्याला दिसतं."

"आणि त्या खुर्चीवर?"

जावयाला अजून काही उमजलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचं हे एक असतं. बोलण्यात रंगला की स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. "पाहणारा बसतो," तो म्हणाला. "पूर्वीही तो वेगळाच असे. आज्ञा देणारा आत, पाहणारा समोर. तसं शास्त्रच आहे."

"रिंगण चांगलं ऐसपैस काढलंय. दोघं मावला असतात. तुम्ही काही फार जाडे नाही."

"आई, हा विनोदाचा विषय नाही."

"मी कुठे हसते आहे?"

तेव्हा त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरंच त्या हसत नव्हत्या. लेक दाराला टेकून उभी होती, आत यायला तयार नव्हती.

"आणि इतकं सगळं करून मागायचं काय?" बाईंनी विचारलं.

 दारातून लेक म्हणाली, "विभागप्रमुखाची जागा. आणि आता तिथे बसलाय त्याची जीभ लुळी पडावी, व्याख्यान देता येऊ नये, एवढं."

"एवढंच?" बाईंचा आवाज चढला. "नरकातला सरदार बोलवायचा, तलवार परजायची, बायको उपाशी मारायची, आणि मागायची काय तर ऑफिसातली फिरती खुर्ची? अहो, तुमच्या सैतानाला तरी लाज वाटत असेल! वैऱ्याशी वाकडं आहे ना? जा त्याच्या दारात, घाला शिव्या, होऊ दे हातापायी, मी स्वतः तुमचा फाटलेला शर्ट रफू करून देते. ते नाही जमत. पडद्याआड बसून, दुसऱ्याकडून, तिसऱ्याच्या डोळ्यांनी!"

"तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही," जावई म्हणाला. आता त्याच्याही आवाजात धार आली होती. "झगा द्या आणि जा. माझी वेळ जाते आहे."

"देते की. पण एक करा. आज तुम्ही खुर्चीवर बसा. ही आत उभी राहील. वाचता येतं तिला, तुमच्याइतकंच मोठ्याने वाचेल. मी दारात थांबते. तुमची विद्या पाहून मगच जाईन."

"तसं चालत नाही."

"का?"

"माझ्याकडे ती दृष्टी नाही."

"नसू दे. नुसते बसा. दिसलं तर दिसलं."

"तुम्ही समजून घेत नाही. ते धोक्याचं आहे!"

"कोणाला?"

"जो बाहेर बसतो त्याला!"

बोलून गेला. रिकाम्या खोलीत बोललेलं असं भिंतीला लागून परत येतं; त्याला स्वतःला ते आता ऐकू आलं असावं. तो घाईने पुढे बोलू लागला. हिची प्रकृती निराळी आहे. हिला काही होत नाही. मी आतून ताबा ठेवतो. माझं सगळं लक्ष तिच्यावरच असतं.

लेक दारापासून सुटी झाली. आत आली नाही, पण सरळ उभी राहिली. "त्या दिवशी काच हलली आणि मी किंचाळले," ती म्हणाली. "तुम्हाला हाक मारत होते. पडले खुर्चीवरून. तुम्ही का नाही आलात?"

"कसा येणार? रेघ ओलांडली असती तर..." आणि तो थांबला.

"तर काय?"

 लेक त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत बाईंना कितीतरी दिवसांनी ते जुनं काहीतरी दिसलं: कापड उजेडाला धरल्यावर कपाळावर जी बारीकशी आठी पडायची ती. घाईने नाही, रागाने नाही. काय आहे ते पुरतं पाहून घेणारी. मग ती वळली. बाहेरच्या खोलीत कपाट उघडल्याचा, बॅग ओढल्याचा आवाज आला.

"हे बघ, ऐक," जावई तिकडे तोंड करून ओरडला. "आजचा दिवस! मग बोलू आपण! आई, सांगा ना तिला!" हात पुढे करून तो हाका मारत होता, आणि पाय मात्र आतल्या रेघेला चिकटून उभे होते. बायको चालली होती, तरी पाय निघेनात.

बाईंनी ते पाहिलं. दंडावरचा झगा त्यांनी घडी न मोडता दारातल्या स्टुलावर ठेवला. आवाज अगदी सपाट निघाला, गरम आणि सपाट.

"जावईबापू, सैतान आहे की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगूही नका. तो नाही असं समजून तुम्ही हिला त्या खुर्चीवर बसवलं असतंत, तर मी म्हटलं असतं, माणूस खुळा आहे, चार शिव्या घालू आणि सोडून देऊ. पण तुम्हाला तो आहे असं वाटतं. पुरतं वाटतं. पाय बाहेर पडला तर मरू, इतकं वाटतं. म्हणून देवाची जेवढी नावं सापडली तेवढी सगळी स्वतःभोवती मांडलीत, आणि हिच्यासाठी एक उरलं नाही. वाघ खरा समजून शेळी बांधलीत तुम्ही, आणि वर तिला सांगितलंत, तुझ्यात देणगी आहे. तर आता माझं ऐका. राहा त्या रिंगणात. कोणी तुम्हाला बाहेर ओढायला येणार नाही, वरचं नाही, खालचं नाही, आणि आमच्यातलं तर नाहीच. हिला बाहेर तुम्ही ठेवलंत. आता ती बाहेरच राहील."